अण्णांनी सांगितलेला दुसरा खंड

डॉक्टर म्हणाले, "मणक्याचा टीबी आहे," आणि मी विचारलं, "झोपून वाचता येईल ना?"

आई हा किस्सा अजून लोकांना सांगते, कधी हसत, कधी कपाळावर हात मारत. खरं म्हणजे 'मी चालेन ना?' असं विचारायला हवं होतं. पण त्याचं उत्तर ऐकायची हिंमत नव्हती, म्हणून तोंडाला आलं ते विचारलं. डॉक्टरांनी एमआरआयची फिल्म उजेडासमोर धरली होती. दोन मणक्यांमधली जागा कुरतडल्यासारखी दिसत होती. "मणका खचला तर पायांवर येईल," ते म्हणाले. "तीन महिने पूर्ण आडवं राहायचं. बसायचंसुद्धा नाही. औषधं दीड वर्ष. वाचा की, वाचायला कोण नको म्हणतंय?"

आठ महिने मी ती पाठदुखी अंगावर काढली होती. पंचायत समितीत मी लिपिक आहे. ऑफिसातल्या खुर्चीला दोष दिला, बाम चोळला, गरम पाण्याची पिशवी घेतली. संध्याकाळी अंगात कसकस असायची. वजन नऊ किलोंनी उतरलं, आणि मैत्रिणी म्हणाल्या, "काय मस्त बारीक झालीस!" तर मला बरं वाटलं. हे मुद्दाम लिहिते आहे. कुणाची पाठ अशी महिनोन्‌महिने दुखत असेल आणि वजन आपोआप उतरत असेल, तर खूश होऊ नका. तपासून घ्या.

दवाखान्याच्या बाकावर बसून मी आईला फोन केला. आईवडील पालीच्या आत, आमच्या गावी होते. मी रत्नागिरीत नाचण्याला एकटी राहत होते. लग्न केलं नाही, त्याची गोष्ट इथे नको.

"आई, मला टीबी झालाय."

आई हळूच म्हणाली, "कुनाला सांगू नको."

मागून अण्णांचा, माझ्या वडलांचा आवाज आला. "कोणाचा फोन? काय झालं?" आईने सांगितलं. ते "अरे अरे" म्हणाले. मी तिला औषधांचं सांगत होते, तेवढ्यात पुन्हा मागून आवाज, "कोणाचा फोन आहे गो? काय झालं?" आईने पुन्हा तेच सांगितलं, तितक्याच शांतपणे. मला वाटलं, धक्का बसलाय म्हाताऱ्याला.

*

दुसऱ्या दिवशी दोघं बिऱ्हाड घेऊन आले. बिऱ्हाड म्हणजे एक पत्र्याची ट्रंक, तांदळाची पिशवी आणि अण्णांची आरामखुर्ची. पुढच्या खोलीत खिडकीला लागून माझी खाट लावली, तिच्यावर फळी आणि फळीवर पातळ गादी. कूस बदलायची तर ओंडका लोळवावा तसं सगळं अंग एकदम वळवायचं. सकाळी उपाशीपोटी गोळ्या. पहिल्या दिवशी लघवी केशरी झाली आणि मी घाबरले. ते औषधामुळेच होतं, हे कुणी आधी सांगितलं नव्हतं, म्हणून मी सांगते. मळमळ इतकी, की फोडणीचा वास आला तरी तोंड फिरवायची. आईने मग महिनाभर घरात फोडणीच दिली नाही. तिघांनी पेज आणि भाजलेल्या सुक्या बांगड्यावर दिवस काढले.

सगळ्यात अवघड होतं ते भांडं. अडुसष्ट वर्षांच्या आईकडून सगळं खाटेवरच करून घ्यायचं. पहिल्या दिवशी मी रडले. आई म्हणाली, "तुजं लहानपनी कोन करत होतं? शेजारीन?" आणि भांडं घेऊन गेली. तो विषय तिथे संपला.

शेजारणीला मात्र तिने 'मणक्यात गॅप आहे' असं सांगितलं. मी चिडले. "आई, टीबी म्हण. मणक्याचा आहे, कुणाला लागत नाही. लपवलं की लोक जास्त घाबरतात." आई म्हणाली, "तुला काय जातंय? जिना मला उतरायचा असतो." खरं सांगितल्यावर शेजारीण पंधरा दिवस फिरकली नाही. मग एक दिवस स्वतःहून वाटीत करवंदाचं लोणचं घेऊन आली आणि दारात न थांबता थेट खाटेशी येऊन बसली. आजारपणात असल्या गोष्टी माणूस विसरत नाही.

*

आता पुस्तकांचं सांगते.

मला जाडजूड इंग्रजी अद्भुतरम्य कादंबऱ्यांचं वेड आहे. पाच-पाच, सात-सात खंडांच्या. कुठल्यातरी नसलेल्या देशातल्या, सुरुवातीला नकाशा असलेल्या. कॉलेजात असताना रद्दीच्या दुकानात पहिली मिळाली आणि मी अडकले. लोक म्हणतात, पहिली तीनशे पानं काही घडतच नाही. मला नेमकी तीच तीनशे पानं हवी असतात. माणसं चालतायत, चूल पेटवतायत, कुणाचा जोडा फाटलाय, कुणी कुणाशी दोन दिवस बोलत नाही. अशी हजार पानं त्यांच्याबरोबर चाललं, की पुढे एका ओळीत कुणी मेलं तरी आपण जेवत नाही. भरभर पळणाऱ्या पुस्तकांत मेलेल्या माणसांची मला नावंसुद्धा आठवत नाहीत.

त्या वेळी जी मालिका हातात होती तिचं नाव सांगत नाही. नाव सांगितलं की लोक पुस्तकावर वाद घालायला लागतात. एक प्रचंड घंटा बैलगाडीतून उत्तरेकडच्या एका शहरात न्यायची, एवढीच गोष्ट. गाडी हाकणारी बाई केदरा. नकाशे काढणारा म्हातारा ओस्मिर. घंटा रोज पुसणारी मुलगी वेस्का. दुसऱ्या खंडात गाडीचा एक बैल मरतो, आणि मी तो रविवार अंथरुणात रडून घालवला होता. बैलासाठी! पहिले तीन खंड माझे दोनदा वाचून झाले होते. चौथा-पाचवा आणून ठेवले होते. म्हटलं, तीन महिने आडवं पडायचं आहे तर पहिल्यापासून सुरू करू.

पण नऊशे पानांचं पुस्तक झोपून तोंडावर धरता येत नाही. पाच मिनिटांत हात थरथरायला लागायचे आणि कळ पाठीत उतरायची. तिसऱ्या दिवशी पुस्तक नाकावर आपटलं. मोबाईलवर तेच पुस्तक ऐकून पाहिलं, तर वाचणाऱ्याचा आवाज मला गाडी चुकेल म्हणून धावत असल्यासारखा वाटला. चौथ्या दिवशी मी भिंतीकडे तोंड करून पडले होते. अण्णांनी आरामखुर्ची खाटेजवळ ओढली.

"आण ते इकडे. बघू तरी काय आहे एवढं."

अण्णा पालीकडच्या हायस्कुलात चौतीस वर्षं इंग्रजी शिकवत होते. आमच्या वाडीतले पहिले मास्तर. आमच्या घरात भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर, तिच्याखाली पुस्तकांचं कपाट, आणि त्या कपाटात असल्या 'राक्षसाच्या गोष्टीं'ना कधी जागा नव्हती. मी त्या माळ्यावर बसून वाचायची. वाचायचं तर कायदा वाच, इतिहास वाच, असं त्यांचं म्हणणं.

ते एक परिच्छेद इंग्रजीत वाचायचे, वर्गात वाचावा तसा, प्रत्येक शब्द सुटा. मग चष्मा कपाळावर सरकवून तोच मराठीत सांगायचे. त्यांच्या मराठीत तो देश हळूहळू आमच्याकडचा झाला. दगडी कुंपणाचा चिऱ्यांचा गडगा झाला. सरायीत रोटी देतात त्याचं घावन झालं. केदरा बैलांना "हो रे, हो रे" करायला लागली.

"चाळीस पानं झाली," एकदा ते म्हणाले, "अजून गाडी गावाबाहेर पडली नाय. आमचे हेडमास्तर असा निबंध परत द्यायचे."

"अण्णा, तेच तर आहे त्यात."

"काय आहे?"

"घाई नाही."

ते हसले. "म्हणजे तुझ्यासारखंच. आडवी पडलीय गोष्ट."

रोज जेवण झालं की तीन ते पाच आमचं वाचन. तीन आठवड्यांत ते असे गुंतले, की आई चहा घेऊन आली तर हाताने थांब म्हणायचे. नावं फार होती, म्हणून त्यांनी जुन्या कॅलेंडरच्या पानामागे यादी केली आणि माझ्या डोक्यामागच्या भिंतीवर, त्यांच्या खुर्चीसमोर, चिकटवली. मला ती दिसत नव्हती. शाळेचे तक्ते करायची सवय, असं मला वाटलं.

ते दिवस माझ्या आयुष्यातले चांगले दिवस होते. मी आजारी होते, पाय राहतील की नाही माहीत नव्हतं, आणि तरी होते.

*

पहिला खंड संपत आला तेव्हा एका दुपारी त्यांनी आदल्या दिवशीचंच प्रकरण उघडलं. मला वाटलं उजळणी घेतायत. पण ओस्मिर नकाशावर सांडलेली पेज चाटून टाकतो तिथे ते कालच्यासारखेच हसले, कालच्याच जागी चष्मा काढून डोळे पुसले आणि म्हणाले, "काय भन्नाट माणूस आहे! आज पहिल्यांदा आवडला मला."

मी मनात म्हटलं, उन्हाळा आहे, म्हातारपण आहे, डुलकी लागत असेल.

दुसऱ्या खंडात वेगळंच सुरू झालं. त्यांनी इंग्रजी मोठ्याने वाचणं सोडलं. म्हणाले, घसा दुखतो. पान उघडून नजर फिरवायचे आणि थेट मराठीत सांगायचे. एक दिवस सांगता सांगता म्हणाले, "केदरा झुंजूमुंजूला उठते. लाकडाची मोळी डोक्यावर घेते नि बाजाराला निघते. बरोबर लहान मुलगा आहे."

मी दचकले. केदराला मूल नाही. ती मोळीही नेत नाही.

"बाजारात मोळी विकते. मग मीठ घ्यायला दुकानाशी जाते. पायरीखाली उभी राहते. दुकानदार मीठ हातात देत नाय. वरून टाकतो. ती ओच्यात झेलते. चार खडे मातीत पडतात, ते मुलगा उचलतो. आई म्हणते, फुंकर मार नि टाक ओच्यात. कुणाकडे बघू नको." त्यांनी पान उलटलं. "मग ती दोघं पाण्याला जातात. त्यांचं पाणी खालच्या अंगाला आहे."

खिडकीतून मोटरसायकलींचे आवाज येत होते. मी छताकडे बघत पडले होते. माझ्या आजीबद्दल मला तोपर्यंत एवढंच माहीत होतं, की ती मी जन्मायच्या आधी गेली. विचारलं की अण्णा म्हणायचे, "ते झालं. पुढचं वाचा."

त्यानंतर रोज तेच. गाडी आणि घंटा कुठेतरी मागे राहिली. केदरा एकदा पालीच्या बाजारात शिरली. मुलाला शाळेत घालायला गेली. मास्तरांनी त्याला व्हरांड्यात बसवलं, तर ती बाहेर गडग्यापाशी उभी राहून शाळा सुटेपर्यंत बघत राहिली, पाऊस असला तरी. तिने त्याला पहिली पाटी कुठल्या पैशांतून आणली, हेही त्यांनी सांगितलं. अण्णा हे सगळं पुस्तकात बघून सांगत होते, बोट ओळीखाली फिरवत. त्यांना खरंच तिथे ते दिसत होतं.

मला तेव्हाच कळलं होतं. नक्की काय ते नाही, पण काहीतरी मोठं बिघडलंय एवढं कळलं होतं. मी आईला सांगायला हवं होतं, डॉक्टरला फोन करायला हवा होता. मी केलं नाही. महिनाभर केलं नाही. कारण मला तीन वाजायची ओढ लागायची. आयुष्यभर ज्यांनी तोंड उघडलं नाही ते बोलत होते. मी कुणाला सांगितलं असतं तर ते थांबलं असतं. मी लोभी झाले होते, याला दुसरा शब्द माझ्याकडे नाही.

*

एप्रिलमध्ये एका दुपारी आई माझ्या महिन्याच्या गोळ्या आणायला दवाखान्यात गेली होती. मला उकडत होतं. मी म्हटलं, "अण्णा, शहाळं प्यावंसं वाटतंय."

"आणतो की," म्हणून ते पायांत चपला सरकवून गेले. शहाळेवाला कोपऱ्यावर बसतो. पाच मिनिटांचं काम.

अर्धा तास झाला. मी फोन लावला, तर तो खुर्चीवरच वाजला. तास झाला. आई आली, ऐकलं आणि पिशवी टाकून तशीच उलट्या पावली गेली. जाताना काही बोलली नाही. तिच्या चेहऱ्यावर आश्चर्य नव्हतं. मला ते फार लागलं, पण का, ते तेव्हा उमगलं नाही.

मी एकटी, आडवी. रस्ता खिडकीच्या खाली आणि मला फक्त आकाश दिसत होतं. शेवटी मी एका कुशीवर वळले, पाय खाली सोडले आणि खिडकीचे गज धरून उभी राहिले. दोन महिन्यांनी उभी राहत होते. पाय कुणा दुसऱ्याचे असावेत तसे वाटत होते. रस्त्यावर दिसतील तेवढी म्हातारी माणसं बघितली. अण्णा नव्हते. गुडघे आपोआप मिटले आणि मी भिंतीला घासत खाली बसले. पुढे एक्स-रे काढला, मणका जागेवर होता. त्या वेळी मात्र मला वाटलं, पायही गेले आणि बापही.

साडेपाचला रिक्षा आली, अण्णा आणि वाटेत भेटलेली आई दोघं तिच्यात. रिक्षावाला पालीकडचाच, अण्णांचा जुना विद्यार्थी निघाला. अण्णा साळवी स्टॉपला उभे होते, हातात शहाळं. पालीची गाडी कधी येणार, असं येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारत होते. शाळेला उशीर झाला म्हणत होते. त्याने गावात फोन करून आमचा पत्ता काढला होता.

"मास्तरांनी मला ओळखलं," तो आईला म्हणाला. "नाव घेऊन हाक मारली. पन आता किती वाजले त्ये समजत नव्हतं त्यांना."

त्याने आणि आईने मिळून मला उचलून खाटेवर ठेवलं. अण्णा दारात उभे होते. "ही खाली का बसली?" त्यांनी विचारलं. "हिला उठायचं नाय ना?"

*

त्या संध्याकाळी अण्णा झोपल्यावर आई माझ्या पायाशी येऊन बसली.

"कधीपासून?" मी विचारलं.

"दीड वर्स होईल. आधी चाव्या. मग पेन्शनीच्या कागदावर सही चुकली. मग एक दिवस आपल्याच विहिरीवर जाऊन मला विचारलं, ही कुनाची."

"आणि तू मला सांगितलं नाहीस?"

"कधी सांगू? आधी वाटलं, वयामुळं असेल. मग तूच आडवी पडलीस. तुजं ऐकू की तुला सांगू?"

"मलाही माहीत होतं, आई. महिना झाला."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग पदर तोंडात घालून रडली. आम्ही दोघी एका घरात, एकाच माणसाला, एकमेकींपासून लपवत होतो. तिला वाटत होतं, मला झेपणार नाही. मला वाटत होतं... मला काय वाटत होतं ते वर लिहिलंच आहे.

अण्णांना डॉक्टरकडे नेलं. मी जाऊ शकत नव्हते. आई सांगत होती, डॉक्टरांनी घड्याळ काढायला सांगितलं, तर त्यांनी सगळे आकडे एकाच बाजूला लिहिले आणि वर सुंदर अक्षरात तारीख घातली, कुठल्यातरी जुन्या वर्षाची. स्मृतिभ्रंश आहे, डॉक्टर म्हणाले. जागा बदलली की जास्त दिसतो.

ते वाक्य माझ्या पनवेलच्या भावाने धरून ठेवलं. "गावी नीट होते ते," तो फोनवर म्हणाला. "तुझ्यासाठी त्यांना हलवलं." मी म्हटलं, "मग तू का नाही आलास?" दोन महिने आम्ही बोललो नाही. आता बोलतो. पण ते दोन्ही प्रश्न आमच्यामध्ये आहेत तसेच पडून आहेत.

*

चार-पाच दिवसांनी, तीन वाजता, अण्णा नेहमीसारखे पुस्तक घेऊन बसले. पान उघडलं. बराच वेळ बघत राहिले.

"सुजाता, ही गाडी आता कुठे आहे?"

"नदीच्या अलीकडे, अण्णा."

"मला वाटलं पाली ओलांडली." ते थांबले. त्या दिवशी त्यांचे डोळे स्वच्छ होते, पूर्वीसारखे. "मी तुला चुकीचं सांगत होतो का?"

"नाही."

"मास्तरला खोटं सांगू नये."

मी मानेनेच हो म्हटलं.

"किती दिवस?"

"महिनाभर."

"नि तू ऐकत राहिलीस?"

"मला आवडत होतं, अण्णा."

त्यांनी पुस्तक मिटलं आणि मांडीवर ठेवलं. "माझ्या आईचं सांगत होतो?"

"हो."

"मिठाचं?"

"हो."

बाहेर कुणीतरी आंब्याच्या पेट्या उतरवत होतं, खिळ्यांचे आवाज येत होते. अण्णा हळू आवाजात म्हणाले, "ते मला कधीच सांगायचं नव्हतं. तुम्हाला ते ओझं नको म्हणून. ठरवलं होतं मी."

मी हात पुढे केला. त्यांनी धरला नाही. रागाने नाही, त्यांचं लक्षच नव्हतं. उठले, पुस्तक कपाटावर ठेवलं आणि आत गेले. त्यानंतर त्यांनी मला वाचून दाखवलं नाही.

आजारात खूप माफ्या मागितल्या मी. आईची मागितली, भावाचीसुद्धा. अण्णांची राहून गेली. दुसऱ्या दिवशी मी मागितली तेव्हा त्यांनी विचारलं, "कशाबद्दल, बाय?"

*

जूनमध्ये पाठीला पट्टा बांधून मला उभं केलं. छातीपासून कमरेपर्यंत पट्ट्याचा पिंजरा. दोन्ही बाजूंना आई आणि फिजिओथेरपीवाली मुलगी. पहिलं पाऊल पडलं, दुसरं पडलं. मी वळले आणि माझ्या डोक्यामागची भिंत पहिल्यांदा मला दिसली.

कॅलेंडरचं पान तिथेच होतं. अण्णांचं अक्षर, छापल्यासारखं.

केदरा – गाडी हाकणारी. ओस्मिर – नकाशे, म्हातारा. वेस्का – घंटा पुसते.

अशी वीस-बावीस नावं. त्याखाली रेघ. रेघेखाली लहान अक्षरात:

सुजाता – माझी मुलगी. पाठीचा आजार. उठायचं नाही.
हे घर तिचं. नाचणे. दुसरा मजला.
दुपारी तीन – वाचन.

मी तिथेच उभी राहिले. फिजिओथेरपीवाली म्हणत होती, "छान ताई, अजून दोन पावलं." रोज माझ्याजवळ बसायच्या आधी ते वर बघत होते आणि मी कोण ते वाचून घेत होते. आणि मग खुर्ची ओढून, मला काही कळू न देता, वाचायला बसत होते.

आईने ते पान आधीच पाहिलं होतं. तिनेही वरपासून खालपर्यंत पुन्हा वाचलं. "माजं नाव नाय त्यात," ती म्हणाली. "माजं लिवायला लागलं नाय अजून."

*

ते दोघं गावी परत गेले. मी पट्टा लावून ऑफिसला जायला लागले, आधी अर्धा दिवस, मग पूर्ण. डोळे तपासणं, रक्त तपासणं, गोळ्या. मधे एकदा कावीळ व्हायच्या बेतात आले आणि औषधं थांबवावी लागली. तेव्हा पुन्हा सगळं सोडून द्यावंसं वाटलं. सोडू नका. मी एवढंच सांगू शकते, की सहाव्या महिन्यात जे अशक्य वाटतं ते दहाव्या महिन्यात नुसतं कंटाळवाणं वाटतं.

मालिका मी एकटीने पुरी केली. घंटा पोचली, टांगली गेली, वाजली. मी रडले नाही. मग दुसरा खंड पुन्हा काढला. त्यात केदरा कुठल्याच बाजारात जात नाही. पायरीखाली उभी राहत नाही. बैल मरतो, छान लिहिलंय, पण माझं चित्त लागेना. छापलेला दुसरा खंड मला आता अपुरा वाटतो. ज्याने तो पुरा केला त्याला ते करायचं नव्हतं, हेही मला माहीत आहे. या दोन्ही गोष्टी घेऊन मी राहते. घरातल्या माणसाचं असं काही दिसलं, तर त्याच दिवशी बोला. आपल्याला गोड वाटतंय म्हणून थांबू नका.

गेल्या जुलैत माझ्या गोळ्या संपल्या. डॉक्टरांनी नवी फिल्म दाखवली. मणके जुळून आले होते, किंचित वाकडे, पण भक्कम. मी पेढे घेऊन तशीच गाडी पकडून गावी गेले. लावणी आटोपली होती. अण्णा पडवीत बसले होते, अंगात धुतलेला सदरा. गेले काही महिने ते मला ओळखत नव्हते. कधी शाळेतली बाई समजायचे, कधी आरोग्य केंद्रातली.

मी त्यांच्या हातावर पेढा ठेवला. "औषधं संपली," मी म्हटलं. "सुजाता बरी झाली."

"सुजाता?" त्यांचा हात थांबला. "काय झालं होतं सुजाताला?"

"पाठीचा आजार. दीड वर्ष."

पेढा त्यांच्या हातातून खाली पडला. ते आत बघून ओरडले, "अगो, सुजाता आजारी होती, नि मला सांगितलं नाहीस? माझी मुलगी आजारी, नि मला कोणी सांगत नाय?" ते उठायला लागले, चपला शोधायला लागले. आई दारात येऊन उभी राहिली.

"मी जातो तिच्याकडे," ते म्हणाले. "एकटी राहते ती रत्नागिरीत. एवढ्या आजारात एकटी ठेवलीत तिला?"

मी त्यांचा दंड धरला. "नाही. एकटी नव्हती ती. तिच्याजवळ कोणीतरी रोज बसून होतं."

"कोण?"

"तिचे वडील."

त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं. मी खोटं सांगते आहे का, हे शोधत असल्यासारखं. मग हळूहळू खुर्चीत बसले.

"होते ना?" ते म्हणाले. "मग बरं."